गाणं कुणाला सांगायचं?

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "गाणी लिहितोस की नुसता ऐकत बसतोस?" ते मनाला लागलं. कारण गेले तीन महिने मी खरंच नुसत्या प्लेलिस्ट करतोय. पण लिहायला मी त्यातूनच शिकतोय.

आजी आपल्या राजकवी तांब्यांची गाणी म्हणायची, आठवतं? मी लताबाईंच्या आवाजातली त्यांची चार गाणी ओळीने लावली. (तांबे १९४१ साली गेले, लताबाई १९४२ पासून ध्वनिमुद्रणात गायला लागल्या. तांब्यांनी हा आवाज आपल्या शब्दांत ऐकलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.) 'मावळत्या दिनकरा'मध्ये पहिल्याच शब्दांत समोर सूर्य उभा. 'मधु मागशी माझ्या सख्या परी'मध्ये सखा मागतोय, आणि त्याच ओळीत तो 'परी', म्हणजे 'पण', येऊन बसतो. नकार तिथेच कळतो, पुढचं गाणं फक्त त्याचं कारण सांगत जातं! 'घन तमी शुक्र बघ'मध्ये पहिल्या ओळीत नाव कुणाचंच नाही, पण 'बघ' म्हटल्याबरोबर समोर कुणीतरी आहे हे जाणवतं; पुढच्याच ओळीत कळतं, ते खिन्न मन आहे.

चौथं 'जन पळभर म्हणतील'. ते स्वतःशीच बोलणं. पहिलं लावलं तर पुढची तिन्ही निरोपाची वाटायला लागली, म्हणून शेवटी नेलं. तिथे ते एकटं पडलं, आणि तसंच हवं होतं. क्रम बदलला की गाण्याचा अर्थ हलतो, हे वाचून कधी कळलं नसतं.

मग माझी वही काढली. अकरा गाणी. पाऊस आहे, रात्र आहे, खिडकी आहे. ऐकणारं कुणीच नाही. मी हवेत बोलत होतो.

एक मोडून पुन्हा लिहिलं. आधी 'रात्र फार मोठी झाली' असं होतं. आता ध्रुवपद आहे, 'आजी, दिवा मालवू का?' आणि प्रत्येक अंतऱ्यात ती 'थांब' म्हणते. का थांबायचं, ते दर वेळी वेगळं हवं. पहिल्यात दळण निवडायचं राहिलंय. दुसऱ्यात आजोबा अजून घरी यायचेत.

तिसरा अडलाय. तुझ्याकडे प्रश्नाने सुरू होणारी गाणी असतील ती पाठव, हिंदी असली तरी चालतील. क्रम मी लावतो.

तुझाच