ग्रंथपाल बाई, तुमच्या चिठ्ठ्यांसाठी

आदरणीय बाई,
सा. न.

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी वाचनालयात इतकी गर्दी होती की धड बोलताच आलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या फोंड्याच्या वाचक मंडळाला मध्ययुगातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या हव्या होत्या. आमची इतिहासाची गोडी जत्रेतल्या नाटकांवर पोसलेली: पल्लेदार संवाद, जरीचे अंगरखे, शेवटच्या अंकात तलवारी. त्यामुळे शिवकाल आणि पेशवाई यांच्या आधीच्या काळात कोणी गेलंच नव्हतं. तुम्ही यादी दिली नाहीत. "त्या काळात तुमच्या गावावर राज्य कोणाचं होतं?" एवढंच विचारलंत. आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो.

मग कपाटातून 'वज्राघात' निघालं. हरि नारायण आपटे आम्हाला ठाऊक होते, पण विजयनगरच्या पाडावावर त्यांची कादंबरी आहे हे निम्म्या जणींना नवं होतं. भाषा जुन्या वळणाची, वाक्यं लांबलचक. सुरुवातीला नेट लावावा लागतो, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. आत पाठकोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा होता, तुमच्या निळ्या शाईतला: "१५६५, तालिकोटची लढाई. गोव्यात पोर्तुगीज येऊन ५५ वर्षं झालेली. फोंडा मात्र आदिलशाहीत. विजयनगरला अरबी घोडे गोव्याच्या बंदरातून जात. गिऱ्हाईकच बुडालं, मग बंदराचं काय?" आणि खाली रेघ मारून, "लढाई इतिहासातली, प्रेमकथा आपट्यांची."

त्या चिठ्ठीनं आमची बैठकच पेटली. आदिलशहा तर जिंकणाऱ्यांत! म्हणजे विजयनगरच्या रामरायासाठी डोळे पुसणाऱ्या आम्ही फोंडेकरणी, आणि आमचं गाव त्या वेळी समोरच्या गोटात. वाचताना कोणाची बाजू घ्यायची, यावर चहा गार होईपर्यंत वाद झाला. माझं मत अजून तेच आहे: कादंबरी रामरायाची आहे, तर डोळे त्याच्यासाठीच पुसावेत. पण नुसतं रडून पुस्तक मिटता येत नाही, ते तुमच्यामुळे.

इंग्रजी वाचणाऱ्यांना तुम्ही उंबेर्तो एकोचं 'द नेम ऑफ द रोज' दिलंत. १३२७ सालचा इटलीतला मठ आणि तिथे एकामागून एक पडणारे खून. "लॅटिन आलं की अडू नका, पुढे चला," ही चिठ्ठी फार कामी आली. जुन्या गोव्यातलं असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आम्ही पाहुण्यांना दाखवत आलो. पण ख्रिस्ताजवळ स्वतःचं काही होतं का, यावरून त्याच्या पंथाचे फ्रान्सिस्कन साधू आणि पोप यांच्यात केवढं वैर माजलं होतं, ते या कादंबरीतून कळलं. खुनाचा तपास छानच आहे. मला मात्र ते भांडणच जास्त आवडलं. (एकीनं शेवट आधी वाचला. तिचं नाव सांगत नाही.)

गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांवर काहीतरी द्या म्हटल्यावर तुम्ही, "आधी तांबडी सुर्लाला, त्यांच्या काळातल्या देवळात जाऊन या," म्हणालात. गेलो, भर पावसात, छत्र्या उलट्या करून घेत.

चिठ्ठ्या पुस्तकांतच ठेवल्या आहेत, नव्या वाचकांसाठी. मंडळाच्या वतीनं मनापासून आभार. आता १४७२ मध्ये गोवा घेणाऱ्या बहमनी वजीर महमूद गावानच्या काळातलं काही हवं आहे. चवथ आटोपली की बैठक आमच्याकडे ठेवू. पुस्तक सुचवायला तुम्हीच या.

आपली,
फोंड्याची एक वाचक