चपलेत हात घालून पाहणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

मधुमेह असलेल्या आमच्या आईचे पाय तपासून झाले होते, बाहेर रांग होती. तरी तुम्ही तिची चप्पल उचललीत आणि आतून बोटं फिरवलीत. अंगठ्याखाली वर आलेलं खिळ्याचं टोक तुमच्या बोटाला टोचलं. आई त्यावरच चालत होती, तिला काही कळत नव्हतं. दुसऱ्याच्या चपलेला हात लावणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. तुम्हाला तसं काही वाटलं नाही, याचे आभार कसे मानावेत कळत नाही.

आधी जिथे दाखवत होतो तिथे उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, गोळी वाढवली, पुढचा नंबर. मुंग्या येतात म्हटलं तर ‘वय झालं’. मोजे कधी कुणी काढायला लावले नाहीत. राग त्याचाच येतो. स्पर्श कळतो का ते बघायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा अंगठ्याला आणि चवड्याला टेकवायला, थरथर जाणवते का ते बघायला कंपनकाटा हाडावर धरायला असा किती वेळ लागतो?

वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की सर्वांत लांबच्या, म्हणजे पायाच्या नसा आधी बधिर होतात. दुखणं हा पायाचा राखणदार. तोच निघून जातो. घाम कमी होतो, कातडी सुकते, टाचेच्या भेगांतून जंतू शिरतात. त्यात रक्तपुरवठा कमी असला तर बारीकशी जखमही चिघळून बोट कापण्यापर्यंत जाते. पाय दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणारी कितीतरी माणसं आहेत.

तुम्ही आईला कळेल अशा भाषेत सांगितलंत. रोज रात्री उजेडात तळवे बघा, वाकवत नसेल तर आरसा धरा. टाचेला व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको. तिथे ओल राहून कातडी कुजते. कुरूप ब्लेडने कापू नका. कुरूपावर लावायची औषधी पट्टी, कॉर्नकॅप, तीही नको, त्यातलं आम्ल चांगली कातडी खातं आणि बधिर पायाला ते कळत नाही. पाण्याचा गरमपणा कोपराने बघा, पाय शेकू नका. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नको. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची घ्या. तमिळनाडूत वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी असलं मऊ रबर वापरात आणलं. मधुमेहाच्या पायांना आज त्याचाच आधार आहे.

लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा, हेही पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळलं. मूत्रपिंड आणि डोळे बिघडू लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, म्हणून त्रासाची वाट बघायची नसते. डोळ्यांच्या तपासणीची तारीख घेतली आहे.

माणसाच्या पायाशी बसून काम करणाऱ्यांची नावं दवाखान्याच्या पाटीवर नसतात. ती असायला हवीत, असं मनापासून वाटतं.

तुमचे ऋणी,
आईच्या घरची सगळी माणसं