लंगडीला विचारलं, बापू

प्रिय बापू,

चार वर्षं झाली. सुरतेहून तुझे दोनदा फोन आले, मी उचलले नाहीत. मग तूही करायचा थांबलास. आज लिहायला बसलो, कारण परवा पहाटे खुराड्यात जे दिसलं ते इथे कोणाला सांगून उपयोग नाही. घरात सांगितलं तर ही म्हणाली, पिलं निघाली ना, मग तोंड कशाला पाडलंय? तुला कळेल.

आपल्या लंगडी टर्कीच्या अंड्यांतून चार पिवळी पिलं निघाली.

तब्येतीचं म्हणशील तर सगळे बरे. मायचा गुडघा दुखतो तसाच दुखतो. माझी शुगर गोळीवर आहे.

तर लंगडी. माझ्याच खुराड्यातली, तिच्या आईपासून माझी. अंगावर पांढरं पीस नाही, उन्हात उभी राहिली की पाठ तांब्याच्या घागरीसारखी चमकते. माझा नर मागच्या उन्हाळ्यात गेला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत बोरी नदीकाठीसुद्धा झाडं तापतात, त्याला सोसलं नाही. जिभाऊंच्या पोराने हौसेने एक पांढरा नर आणला होता, माघात लंगडी त्याच्याजवळ सोडली. तिची बारा अंडी तिच्याच खाली ठेवली. अठ्ठावीस दिवसांनी नऊ पिलं निघाली. तीन तपकिरी, पाठीवर गडद पट्टे, म्हणजे लंगडीसारखी ब्राँझ. दोन काळपट. आणि चार हळदीसारखी पिवळी. पिवळी निघतात ती पुढे पांढरी होतात, हे तुला मी काय सांगू, तुझ्याकडूनच शिकलो.

आखाजीआधीची सुट्टी म्हणून पुतणी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून आली होती. तिने काडी घेतली आणि खुराड्यासमोरच्या मातीत चार घरं आखली. म्हणाली, काका, रंगाचा ऐवज प्रत्येक पाखराकडे जोडीने असतो, एक बापाकडून, एक आईकडून. टर्कीतला पांढरा लाजाळू आहे. दोन्हीकडून पांढरा आला तरच तो बाहेर दिसतो. एकीकडूनच आला तर ब्राँझच्या खाली दडून बसतो, आणि पिढ्यान् पिढ्या बसू शकतो. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यांवर हेच छापलं, आणि १९०२ साली बेटसन नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं की पाखरांतही हाच हिशेब चालतो.

मी म्हटलं, मग ही पिवळी? ती म्हणाली, पांढऱ्या नराकडे द्यायला पांढऱ्याशिवाय काही नाही. पिलू पिवळं निघालं म्हणजे दुसरा पांढरा लंगडीनेच दिला. तो तिच्यात जन्मापासून आहे.

आणि हातातली काडी टाकत अगदी सहज म्हणाली, "मग काका, बापूकाकांच्या नराच्या वेळी पांढरी निघाली होती, त्यात अर्धं आपलंच होतं ना?"

बापू, मी तिथेच खाली बसलो.

तो रविवार तुझ्याइतकाच मला आठवतो. जिभाऊंचा ओटा, दहाबारा माणसं. तुझ्या ब्राँझ नराची आणि लंगडीची अकरा पिलं, त्यात तीन पिवळी. आता हिशेब केला तर चारात एक धरली तरी तीनच्या आसपास येतात, इतकं सरळ होतं ते. पण मी सगळ्यांदेखत बोललो की असल म्हणून भेसळ माझ्या गळ्यात मारलीस. वर तुझ्या मामाचा घोडा काढला. सारंगखेड्याच्या यात्रेतून मामांनी काळाभोर म्हणून आणलेला, आणि तापीच्या पाण्यात धुतल्यावर राखाडी निघालेला! तो किस्सा आपण दोघांनीच शंभरदा सांगून लोकांना हसवलं होतं. मामा स्वतः पोट धरून हसायचे. पण त्या दिवशी मी तो तुला हिणवायला वापरला, आणि ओटा हसला. तू एवढंच म्हणालास, "तुन्ही मादीले इचार." मला ती शिवी वाटली. मी काय काय बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. पुढच्याच आठवड्यात तू सुरतेला गेलास.

मादीला आता विचारलं. तिने चार वर्षांनी उत्तर दिलं.

आणि तुझा नर मी पारोळ्याच्या बाजारात विकला, कापायला. पिसारा फुलवून गुडगुडत अंगणभर फिरायचा तेव्हा शेपटीवरची तांबूस पट्टी पेटल्यासारखी दिसायची. तसा नर मला पुन्हा मिळाला नाही. त्याच्यातही पांढरा दडलेला होता हे खरं, तुझा अर्धा वाटा तुझाच राहू दे, तो मी माझ्या नावावर घेणार नाही.

काळपट दोघांचंही कोडं पुतणीनेच सोडवलं. पांढरा हा वरून घातलेली चादर असतो. खाली पाखराचा खरा रंग असतोच, फक्त दिसत नाही. त्या नराच्या चादरीखाली काळा आहे, आणि काळा ब्राँझवर एकटाच भारी पडतो, त्याला जोड लागत नाही. पूर्वीचा मी असतो तर काळं पिलू बघून जिभाऊंच्या पोराशी भांडायला गेलो असतो.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. तुझ्या नराच्या त्या अकरांतली आठ ब्राँझ मी ठेवली, वाढवली, त्यांची पिलं विकली, सगळी असल म्हणून. पांढऱ्या पिलांची जी ब्राँझ भावंडं असतात, त्यांतल्या तिघांतली दोन पांढरा आत घेऊन फिरतात. बाहेरून ओळखायची सोय नाही. एकेकाला पांढऱ्या जोडीदाराबरोबर ठेवायचं आणि पिलं मोजायची. एक जरी पिवळं निघालं तरी निकाल लागला. सात पिलं रंगीत निघाली तरी चुकायची शक्यता १२८ मध्ये एक उरतेच. म्हणजे दर पाखरामागे एक हंगाम. हॉटेलवाल्यांना तर पांढरीच हवी असतात, सोलल्यावर कातडीवर काळे खुंट दिसत नाहीत म्हणून. त्यांची चिंता नाही. चिंता आहे ती शिरपूरच्या पोराची.

विशीतला आहे. माझ्याकडून एक नर आणि दोन माद्या घेऊन गेला, घरच्या दोन जुन्या माद्या होत्याच. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, काका, पांढरी निघाली. आणि मी काय सांगितलं असेल? तुझ्याच जुन्या माद्यांत भेसळ आहे, काढून टाक. त्याने काढल्या, माझ्या शब्दावर. आईने वाढवलेल्या माद्या होत्या त्या. जे मी तुला केलं तेच त्याला केलं, फक्त ओटा नव्हता. त्या माद्यांत पांढरा असेलही, पण माझ्या नरातही होता, त्याशिवाय पिवळं निघतच नाही. हे त्याला फोनवर सांगू का जाऊन सांगू, आणि सांगून त्याच्या हातात काय ठेवू, रात्रभर तेच.

लंगडीला विकायची नाही, हे मात्र ठरलंय.

पोरीचं बारावीचं झालं असेल आता, तिला माझा आशीर्वाद. वहिनींना नोकरी लागली, तुम्ही स्वतःचं घर घेतलं, हे जिभाऊंकडून कळलं. फार बरं वाटलं.

आखाजीला ये. गाडी अमळनेरला थांबतेच, मी स्टेशनवर येईन. घारी आण, मायला अजून तुझ्या हातचीच लागते. पट्टेवाली तिघं आणि एक पिवळं तुझ्यासाठी राखलंय. तिघांच्याही आत पांढरा आहे, बापाने दुसरं काही दिलंच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर शिरपूरला चल. त्या पोरासमोर एकट्याने उभं राहवणार नाही.

तुझा,
नाना