ताप उतरला त्या रात्री जागलेल्या सिस्टरांना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी विसर्जनानंतर भरती झालेला खिडकीजवळच्या खाटेवरचा अकरावीतला मुलगा, त्याची मी आई. पितृपंधरवड्यात तुमचा वॉर्ड डेंग्यूने इतका भरला होता की दोन खाटांमध्ये गाद्या घातल्या होत्या, त्यामुळे आम्ही तुम्हाला आठवत असू असं नाही. मला मात्र तुम्ही रोज आठवता.

आणलं तेव्हा त्याच्या तापाचा तिसरा दिवस होता. ताप १०३, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर तर मोडून आल्यासारखी. रिपोर्ट यायचा होता. तुम्ही दंडाला बीपीचा पट्टा बांधलात, वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध हवा भरून पाच मिनिटं तसाच ठेवलात. मग हातावर पेनाने इंचभर चौकोन काढून आतले लाल ठिपके मोजलेत. चौदा, म्हणजे डेंग्यूचा संशय धरण्याइतके. माझ्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी होती. ती बाजूला काढून म्हणालात, "या आजारात ही नको, रक्तस्राव होऊ शकतो. फक्त पॅरासिटामॉल." त्या गोळ्या मीच त्याला दोन दिवस देत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मी घरी फोन करून सांगितलं, सुटलो. डिस्चार्जचं विचारायलाही आले, आणि तुम्ही उलट जास्तच सावध झालात. "ताई, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी सुरू होते. पुढचे एक-दोन दिवस मला बघू द्या." खरं सांगते, मला राग आला होता.

रात्री त्याला दोन उलट्या झाल्या, पोटात दुखायला लागलं, तो नुसता पडून राहिला. मला वाटलं, थकलाय, झोपू दे. तुम्ही त्याचं नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलंत. पावलं गार होती. बीपी ९८/८२. आकडा ऐकून मला काही वाटलं नाही, कारण वरचा फार खाली नव्हता. तुम्ही मात्र दोन्हींमधलं अंतर पाहिलंत, वीसच्या आत आलं होतं, आणि लगेच डॉक्टरांना उठवलंत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ३९ वरून ४८ वर गेलं होतं. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतंय, म्हणून रक्त घट्ट होतंय, हे तुम्ही मला सलाईनचा वेग वाढवता वाढवता समजावलंत.

आम्ही सगळे प्लेटलेट पेशींच्या मागे होतो. ३२ हजार म्हटल्यावर माझ्या भावाने रक्तदाते गोळा केले, कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी किवी. तुम्ही कोणावर ओरडला नाहीत. "कुठून रक्त येत नाहीये ना? मग त्या आकड्यापेक्षा लघवी किती होते ते मला सांगा." मग तुम्ही औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर रकाने आखलेत : किती प्यायला, किती लघवी झाली. दोन रात्री मी तो भरला. हाताला काम मिळालं, म्हणून मी सावरले. तिसऱ्या दिवशी तुम्ही सलाईन कमी केलंत. मी घाबरले, तर म्हणालात, झिरपलेलं पाणी आता परत रक्तात येतंय, वरून आणखी दिलं तर छातीत साठेल. पेशी मग आपोआप चढल्या, एकही पिशवी न लावता. तळहात खाजायला लागले आणि लालभडक पायांवर पांढरे ठिपके उमटले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मोकळं हसलात. बरं होण्याची खूण होती ती.

जुलैत एखाददुसरी खाट, भाद्रपद-आश्विनात वॉर्ड तुडुंब, थंडी पडली की ओसर, असा वर्षाचा हिशेब तुम्ही सांगितला होतात. धो धो पावसात अळ्या वाहून जातात, उघडीप मिळाली की साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार. घरी येऊन पाहिलं तर गच्चीवरच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. आता दर रविवारी पिंप रिकामं करून आतून काथ्याने घासते, कारण अंडी कोरड्या भिंतीलाही महिनोन् महिने चिकटून राहतात. फ्रीजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, सगळं. डेंग्यूचे चार प्रकार, दुसऱ्यांदा वेगळा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, हे तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले होते. तुमची दुसरीकडे बदली झाल्याचं कळलं, कुठे ते कोणाला नक्की सांगता आलं नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तो आता बारावीत आहे. तुमचा पुठ्ठा त्याने आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, शेवटच्या रकान्यात तुमच्या अक्षरात "लघवी छान" लिहिलंय.

तुमची,
त्याची आई