पिशवी असणं वेगळं, ती तुंबणं वेगळं

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मूतखड्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये अगदी शेवटी ‘सिग्मॉइड कोलनमध्ये काही डायव्हर्टिक्युला, सूज नाही’ एवढी एक ओळ आली, आणि खडा राहिला बाजूला, तू त्या ओळीनेच हबकलास. हा कॅन्सर आहे का, पुढेमागे याचा कॅन्सर होईल का, ऑपरेशन करून काढून टाकावं लागेल का, असं विचारतोस. तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण नुसत्या ‘नाही’वर तुझं समाधान होत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाय आबांबद्दल तू शेवटी दोन ओळींत जे उरकलंस, ते मला तुझ्या रिपोर्टपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याकडे येतोच.

आधी तुझं आतडं. अन्ननलिका, आतडी, मूत्राशय या पोकळ अवयवांना आतून नाजूक अस्तर असतं आणि बाहेरून स्नायूंचा थर. स्नायू जिथे विरळ असतो तिथून आतल्या दाबाने अस्तर बाहेर ढकललं जातं आणि छोटीशी पिशवी तयार होते. अशा पिशव्या म्हणजेच तुझ्या रिपोर्टमधले डायव्हर्टिक्युला. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर डोकावते ना, अगदी तसं. मोठ्या आतड्यात ही कमजोर जागा ठरलेली असते. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या स्नायूचा थर भेदून आत शिरतात, आणि नेमकी त्यांच्या वाटेवरच पिशवी येते. शिकत असताना पॅथॉलॉजीच्या टेबलावर असं आतडं मी हातात घेऊन पाहिलं आहे. बाहेरून चरबीच्या झुपक्यांच्या आड निळसर फुगवटे ओळीने बसलेले, बहुतेक पाच ते दहा मिलिमीटरचे. आतड्याला उभा छेद दिला तर आतल्या बाजूने मात्र अस्तरावर फक्त गोल तोंडं दिसतात, काहींत विष्ठेचा कडक खडा अडकलेला. बोटाने दाबलं तर भिंत कागदाहून पातळ लागते, कारण तिथे स्नायू जवळजवळ नसतोच.

मग सिग्मॉइडमध्येच का? तो मोठ्या आतड्याचा डावीकडचा, सगळ्यांत अरुंद भाग. भिंतीने सारख्याच जोराने आवळलं तरी अरुंद नळीत दाब जास्त चढतो. तरीही सगळीकडे हेच चित्र नाही. युरोप-अमेरिकेत या पिशव्या मुख्यतः डावीकडे सापडतात, तर जपान, चीन, कोरियातल्या लोकांत उजवीकडे जास्त. म्हणजे नुसत्या दाबाने सगळं उलगडत नाही. आनुवंशिकता आणि भिंतीतल्या तंतूंचा वयानुसार बदलणारा कणखरपणा यांचाही त्यात वाटा आहे. वय मात्र सगळीकडे मोठं कारण. पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या आतड्यात या पिशव्या असतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. तुलाही खड्याची कळ आली नसती तर लागला नसता.

नुसत्या पिशव्या असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस, तुझं आहे ते. एखादीला सूज येऊन दुखणं आणि ताप सुरू झाला तर तो डायव्हर्टिक्युलायटिस. पिशव्या असलेल्या शंभर जणांतल्या किती जणांना कधीतरी सूज येते, याचा आकडा जुन्या पुस्तकांत दहा ते पंचवीस असा छापलेला असायचा. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहण्याची तपासणी, सर्रास होऊ लागल्यावर मुळात पिशव्या किती जणांना आहेत हे कळलं, आणि आता तो आकडा पाचाच्याही खाली धरतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. तुझ्यासारख्या कितीतरी जणांनी आयुष्यभर उगाच धसका घेतला असता.

खाण्याचं तू विचारलंस. कुणीतरी तुला सांगितलं की बिया, दाणे, मका आता बंद, पिशवीत अडकतात. ही समजूत डॉक्टरांनीच अनेक दशकं पसरवली होती. 2008 मध्ये अमेरिकेतल्या 47,228 पुरुषांचा 18 वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात कठीण कवचाचे दाणे किंवा पॉपकॉर्न खाणाऱ्यांना जास्त त्रास झाल्याचं दिसलं नाही. उलट नेहमी खाणाऱ्यांत डायव्हर्टिक्युलायटिस कमीच आढळला. तेव्हा खुशाल खा. तंतुमय पदार्थांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. 1971 मध्ये पेंटर आणि बर्किट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं की आहारातला चोथा घटल्यामुळे हा आजार पाश्चात्त्य देशांत वाढला. आफ्रिकेत वर्षानुवर्षं काम केलेल्या बर्किटना तिथे तो क्वचितच दिसला होता. ही मांडणी इतकी पटण्याजोगी होती की पाठ्यपुस्तकांत तशीच्या तशी शिरली. पुढे 2012 मधल्या कोलोनोस्कोपीच्या एका अभ्यासात जास्त चोथा खाणाऱ्यांत पिशव्या कमी असल्याचं काही दिसेना. पण असलेल्या पिशव्यांना सूज येण्याचं प्रमाण चोथा खाणाऱ्यांत कमी असतं, हे इतर पाहण्यांतून टिकून आहे. म्हणून भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य हे सगळं चालू ठेव. वजन आणि सिगारेट यांचाही संबंध आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. खड्याच्या दुखण्यासाठी तू डायक्लोफेनॅक घेतोयस असं लिहिलंस. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी डायव्हर्टिक्युलायटिस आणि पिशवीतून होणारा रक्तस्राव या दोन्हींचा धोका वाढतो. दोनचार दिवस घेतल्याने आभाळ कोसळत नाही, पण पाकीट खिशात ठेवून महिनोन्‌महिने घेऊ नकोस. तुझ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखव आणि दुसरं काही देता येईल का ते विचार.

कधी घाबरायचं तेही लिहून ठेवतो. डाव्या बाजूला खाली सतत दुखायला लागलं आणि ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. ते बहुतेक सीटी काढतील. सूज साधी असेल तर आता प्रत्येकाला अँटिबायोटिक देत नाहीत. 2012 मध्ये स्वीडन आणि आइसलंडमधल्या 623 रुग्णांवरच्या चाचणीत अँटिबायोटिक दिलेले आणि न दिलेले सारखेच बरे झाले. पण पिशवी फुटून पू साचला तर मामला गंभीर, तिथे घरी थांबायचं नाही. दुखत नसताना शौचातून एकदम भरपूर लाल रक्त गेलं, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. पिशवीच्या भिंतीवरून जाणारी धमनी पातळ होऊन फुटलेली असते. बहुतेक वेळा तो रक्तस्राव आपोआप थांबतो, पण थांबेल म्हणून वाट पाहत बसायचं नाही. आणि लघवीतून हवेचे बुडबुडे यायला लागले तर आतडं आणि मूत्राशय यांच्यात वाट पडली असण्याची शक्यता असते. ऐकायला विचित्र वाटतं, पण असे पेशंट मी पाहिलेत, आणि त्यांतल्या काहींनी संकोचापोटी महिनोन्‌महिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता या पिशव्या आतड्यापुरत्याच नाहीत. मूत्राशयालाही येतात. प्रोस्टेट वाढून लघवीची वाट अडली की मूत्राशय जोर लावून लावून थकतो आणि स्नायूंच्या फटीतून अस्तर बाहेर पडतं. पिशवीला स्वतःचा स्नायू नाही, त्यामुळे ती आवळू शकत नाही. माणूस लघवीला जातो तेव्हा मूत्राशय अर्धी लघवी बाहेर टाकतो आणि उरलेली पिशवीत. तो उठून जातो, पिशवीतली लघवी परत मूत्राशयात उतरते आणि पाच मिनिटांत त्याला पुन्हा लागते. तिथे साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात पिशव्या अनेक असल्या तर त्यांत साचलेल्या अन्नावर जंतू पोसतात, अन्नातलं बी-12 तेच फस्त करतात, आणि माणूस जुलाब आणि ॲनिमिया घेऊन येतो. जठरानंतरच्या ड्युओडिनममध्ये पित्तनलिकेच्या तोंडाशी येणाऱ्या पिशव्या सहसा गप्प असतात.

इतकी वर्षं स्कॅन वाचल्यावर माझं मत असं झालंय की रिपोर्टमध्ये ‘पिशवी आहे’ हे वाक्य फार काही सांगत नाही. ती रिकामी होते की तिथे काही साचून राहतं, हे विचारायला हवं. ज्या जागी तुंबतं, त्या जागी दुखणं. (रक्तस्राव एवढा याला अपवाद, तिथे प्रश्न रक्तवाहिनीचा असतो.)

जन्मतःच असलेली पिशवी हा निराळाच प्रकार. लहान आतड्याच्या शेवटाकडे शंभरातल्या साधारण दोघांना एक पिशवी असते, मेकेलची. गर्भात आतडं आणि पोषणकोश यांना जोडणारी नळी असते. ती पुढे नाहीशी व्हायची, तिचा एक तुकडा उरतो. योहान फ्रीडरिश मेकेलने 1809 मध्ये तिचं मूळ ओळखलं. हिच्या भिंतीत सगळे थर असतात, स्नायूसुद्धा. कधीकधी तिच्यात चक्क जठराचं अस्तर असतं. ते आम्ल सोडतं, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि एखाद्या लहान मुलाला काही दुखत नसताना रक्त जायला लागतं. मग टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देऊन स्कॅन केला की जठराबरोबर खाली तो एक ठिपकाही उजळतो. आपलं शरीर मुळात अशा फुगवट्यांतूनच घडतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या पुढच्या भिंतीला एक फुगवटा येतो, त्यातून श्वासनलिका आणि दोन्ही फुफ्फुसं होतात. यकृताची सुरुवातही तशीच.

आता आबा. तू लिहिलंस, ‘जेवताना हल्ली ठसका फार लागतो, रात्री आडवे झाले की दुपारचं जेवण तसंच्या तसं तोंडात येतं, तोंडाला वास येतो, दोनदा छातीत कफ होऊन ताप आला. वयामुळे असेल.’ सुधीर, हे वयावर सोडू नकोस. जेवण न पचता, आंबट न होता, तासांनी परत येतं याचा अर्थ ते जठरापर्यंत पोचलंच नसावं. घशाच्या खालच्या टोकाला, अन्ननलिका सुरू होते तिथे, मागच्या बाजूला दोन स्नायूंच्या मध्ये एक त्रिकोणी कमजोर जागा असते. खालचा स्नायू गिळताना नीट सैल झाला नाही की वरचा दाब त्या जागेवर येतो आणि वर्षानुवर्षांत तिथे पिशवी होते. ती झेंकरची. लडलो नावाच्या इंग्रज सर्जनने ती 1769 मध्येच वर्णिली होती, पण नाव पडलं 1877 मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिणाऱ्या झेंकरचं. साठी-सत्तरीनंतरचाच हा आजार. आबांना तोच आहे असं मी इथे बसून म्हणत नाही. पण सगळी लक्षणं त्या बाजूला बोट दाखवतात, आणि तो कफ फुफ्फुसात अन्न उतरल्याचा असू शकतो, ज्याची मला खरी काळजी वाटते.

तपासणी सोपी आहे, बेरियम स्वालो. पांढरं, खडूसारखं पातळ द्रव घोटाघोटाने पाजतात आणि पडद्यावर पाहतात. पिशवी असली तर पहिल्या घोटालाच कळतं. मानेच्या मध्यावर द्रव मागे वळतं आणि एक गोल भरत जातो. उरलेलं त्याच्या काठावरून सांडल्यासारखं खाली उतरतं. माणूस पुन्हापुन्हा आवंढे गिळतो, अन्ननलिका मोकळी होते, पण तो गोल भरलेला तसाच राहतो.

एक गोष्ट लक्षात ठेव. कुणी आधी एंडोस्कोपी करायला सांगितली तर ही शंका त्यांना अगोदर बोलून दाखव. दुर्बीण अन्ननलिकेऐवजी सरळ पिशवीत शिरते आणि तिची पातळ भिंत फाटण्याचा धोका असतो. आधी बेरियम झालेलं बरं. आणि निदान ठरलं तर उपाय आहे. तो आवळलेला स्नायू कापून मोकळा करतात, पुष्कळदा तोंडावाटेच, मानेवर चीर न देता. वय जास्त असलेल्यांनाही ते झेपतं, आणि जेवणं पुन्हा नीट व्हायला लागतं. तोवर रात्रीचं जेवण लवकर आटपायला लाव, जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नकोस, डोक्याकडची बाजू उंच ठेव. गोळ्याही पिशवीत अडकून बसतात, तेव्हा त्या खाली उतरतात का तेही विचारून घे.

तुझ्या सीटीची सीडी पाठव, मी स्वतः बघतो. पण आबांना या आठवड्यातच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि बेरियम झालं की त्याच दिवशी मला फोन कर. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आबांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
अविनाश