सूचना : रविवारी जुन्या नियमपुस्तिकांचं स्कॅनिंग

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता संग्रहाच्या खोलीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाच्या 1974 च्या तिन्ही नियमपुस्तिका आणि सत्तरच्या दशकातली वॉरगेमिंगची (लढायांच्या पटावरच्या खेळांची) पत्रकं स्कॅन करायची आहेत. पहिल्या छपाईच्या 1,000च प्रती निघाल्या होत्या, तेव्हा घाई अजिबात नको.

– हात धुऊन, कोरडे करून या. हातमोज्यांत पानाची कड कळत नाही, कोपरा फाटतो.
– गंजलेली स्टेपल ओढू नका. मागचे पाय बोथट सुरीने आधी उघडा.
– 600 डीपीआय (स्कॅनची सूक्ष्मता), रंगीत, टिफ फाइल. कोरी पानंही घ्या.
– समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी खोडू नका! खेळ प्रत्यक्षात कसा चालायचा, ते त्यांतूनच कळतं.
– जांभळ्या शाईच्या पानांवरची अक्षरं उन्हात फिकी पडतात. ती पानं खिडकीपासून दूर ठेवा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.