पोंचो शिकवणाऱ्या ताईंना, तुमच्या प्रत्येक 'नको'बद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार, वि. वि.

आभार मानायला बसले, तर तुम्ही काय शिकवलंत यापेक्षा काय करू दिलं नाहीत तेच आधी आठवतंय. म्हणून आभारही त्याचेच.

पहिला 'नको' पॅडिंगला. गाडीत लेकीला घालायच्या पोंचोला, म्हणजे डोक्यातून घालायच्या त्या सैल, बिनबाह्यांच्या कपड्याला, आतून छान फुगीर थर लावू, असं माझ्या मनात होतं. तुम्ही कापडाची घडीसुद्धा उलगडली नाहीत. आधी तिला तिच्या जाड जाकिटासकट कारसीटमध्ये (गाडीतल्या तिच्या पट्ट्यांच्या खुर्चीत) बसवून पट्टे आवळायला सांगितलंत. मग पट्टे तसेच ठेवून फक्त जाकीट काढायचं आणि तिला पुन्हा अडकवायचं. तेच पट्टे, पण खांद्यापाशी माझा हात सहज आत गेला! जाकिटातली हवा धडकेच्या वेळी अशीच चेपते आणि पट्टा असून नसल्यासारखा होतो, हे मी नुसतं ऐकलं असतं तर कदाचित मान डोलावून विसरले असते. आता पातळ कपड्यांवरच पट्टे लावते. खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत आली, की अजून ओढते. ऊब त्यानंतर, वरून.

बाजू शिवायला तुम्ही नको म्हणालात, तेही याच हिशेबाने. बाजू उघड्या असल्या की मागचा भाग उचलून सीटच्या पाठीवरून पलीकडे टाकता येतो आणि मूल आणि सीट यांच्यामध्ये कापड राहत नाही. पुढचा भाग लावलेल्या पट्ट्यांवर पडतो. पट्टे नीट बसलेत का, हे बघायला तो नुसता वर उचलायचा. खरंच, इतका कमी शिवलेला आणि इतका विचार केलेला कपडा मी दुसरा पाहिला नाही.

कापताना तुम्ही फ्लीसची, त्या मऊ, लवदार उबदार कापडाची, चौघडी केलीत आणि बंद कोपऱ्यावर टेप धरून खडू फिरवलात. मानेपासून मनगटापर्यंतच लांबी. त्याहून लांब केला तर चालताना पायात येईल. गळा मात्र मापापेक्षा लहान कापायला लावलात, कारण फ्लीस ताणतं आणि कापलेलं परत जोडता येत नाही. पुढे छातीपर्यंत चीर, तिला टिचबटणं. गळ्यात नाडी ओवू का विचारलं, तर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की उत्तर मिळालं. लहान मुलाच्या गळ्याशी दोरी नकोच. टोपीही एकेरी कापडाची, म्हणजे डोक्यामागे जाड गोळा होऊन मान पुढे ढकलली जात नाही.

घेराला दुमड घालायची माझी फार इच्छा होती (कच्ची कड मला बघवत नाही, सवयच तशी). पण फ्लीसच्या दशा निघत नाहीत, मग दुमड कशाला, म्हणालात. पटलं. मशीनवर गोल टोकाची ९० नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, साडेतीन मिलिमीटरचा टाका आणि फूटचा दाब कमी. तरीही गळ्याच्या वळणावर माझा हात कापड ओढायला जायचा. तुम्ही तो हलकेच बाजूला करायचात, कारण ओढून शिवलं तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात. टाचण्यांऐवजी चिमटे लावायचे हेही तुमचंच. या मऊ लवेत टाचणी अशी बुडते, की शोधावी लागते ती पोरीच्या अंगावर. इस्त्री तर तुम्ही जवळपासही येऊ दिली नाहीत. पॉलिस्टरच ते, वितळायचं.

एक 'नको' मैत्रिणीच्या वतीनेही. तिच्या तान्ह्या बाळासाठी असाच एक शिवू म्हटलं, तर तुम्ही साफ नकार दिलात. तोंडावर आलेलं कापड ज्याला स्वतःच्या हाताने बाजूला करता येत नाही, त्याला पोंचो नाही. पट्टे लावून झाल्यावर छातीच्या खाली पांघरूण, बस्स. तिला तसंच कळवलंय, आणि तिनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

पोंचो रोज वापरात आहे. गाडी आतून गरम झाली की लेक स्वतःच बटणं काढते, म्हणून ती जरा मोठी लावली हे बरं झालं. पुढच्या थंडीत हा तोकडा होईल. तेव्हा कापड घेऊन येईन. पॅडिंग आणणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी